दुसऱ्या वर्षाला मुद्राचित्रण शिकवायचं आहे? आधी अभ्यासक्रमातली निम्मी तंत्रं बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा. एम.एफ.ए. करून एका विद्यापीठाच्या ललितकला विभागात नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेकडे दुसऱ्या वर्षाचा मुद्राचित्रणाचा, म्हणजे ठोकळा, प्लेट किंवा दगड तयार करून त्यावरून चित्र छापण्याच्या कलेचा, वर्ग आला आहे. २४ मुलं, एकच एचिंग प्रेस, चार क्रेडिटचा पेपर, आणि अभ्यासक्रमात वुडकट (लाकडावर कोरून छापणं), लिनो, ड्रायपॉइंट (धातूच्या प्लेटवर सुईने थेट ओरखडणं), एचिंग (ॲसिडने प्लेट खोदणं), ॲक्वाटिंट (राळेची पूड प्लेटवर वितळवून ॲसिडने छटा आणणं), लिथो (सपाट दगडावरून छपाई), सेरिग्राफी (जाळीतून छपाई) असं सगळं एका सत्रात कोंबलेलं. ॲसिडची भीती वाटते. त्यात मुलं विचारतात, ‘मॅडम, झेरॉक्सवाल्याकडे पाच मिनिटांत रंगीत प्रिंट मिळते, मग हे कशाला?’ सुरुवात कुठून करू?

सव्वीस वर्षं हेच शिकवतेय, म्हणून उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट, सात तंत्रं शिकवू नका. मी सुरुवातीची चार-पाच वर्षं इमानेइतबारे सगळी शिकवली. सत्राच्या शेवटी प्रत्येक मुलाकडे सात कागद असायचे, प्रत्येक तंत्राचा एकेक. कापडाच्या दुकानातल्या नमुन्याच्या कात्रणांसारखे. एकाही कागदात त्या मुलाचं काही नव्हतं, कारण प्रत्येक वेळी पहिला प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, निघाला की आम्ही पुढच्या तंत्राकडे पळत होतो. आणि मुद्राचित्रण सुरू होतं ते पहिला प्रूफ हातात आल्यावर. त्याच्या आधी झालेली असते ती नुसती तयारी.

म्हणून आता मी दुसऱ्या वर्षाला दोनच गोष्टी करते. पाच आठवडे वुडकट आणि दहा आठवडे धातूची प्लेट, तीसुद्धा प्रत्येकी एकच, साधारण चार बाय सहा इंचांची. अट एवढीच की त्या एका प्लेटचे किमान दहा प्रूफ निघाले पाहिजेत आणि दर दोन प्रूफांच्या मध्ये प्लेटवर काहीतरी काम झालेलं असलं पाहिजे. नुसती शाई गडद-फिकी केली तर तो प्रूफ मोजत नाही.

एका प्रेसवर हे कसं जमणार, ही शंका येईल. हिशोब मांडून बघा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, म्हणजे चार क्रेडिटचे पंधरा आठवड्यांत १२० तास. धातूच्या दहा आठवड्यांना त्यातले ८० येतात. २४ मुलांचे दहा-दहा म्हणजे २४० प्रूफ. प्लेट बेडवर ठेवून, कागद लावून, वर लोकरीची ब्लँकेटं पसरून चाक फिरवायला आणि कागद उचलायला फार तर दहा मिनिटं. तासाला सहा धरले तरी ४० तासांत काम उरकतं. खरी गर्दी होते ती प्लेट पुसण्याच्या टेबलावर. शाई भरून, जाळीच्या कापडाने काढून, शेवटी तळहाताला खडूची पूड लावून पुसायला नवख्या मुलाला अर्धा तास लागतो. तेव्हा दुसऱ्या प्रेससाठी विभागप्रमुखांच्या मागे लागण्यापेक्षा दोन लांब टेबलं आणि त्यावर जाड काच मागा. हे मला कळायला सहा वर्षं लागली. तोवर दरवर्षी दुसऱ्या प्रेसचा प्रस्ताव लिहीत होते.

पहिल्या दिवशी इतिहास सांगू नका, साधनांची नावंही नकोत. प्रत्येकाला एक मोठं खोडरबर द्या आणि त्यावर स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायला सांगा. सूचना एवढीच की ब्लेड आपल्यापासून दूर चालवायचं आणि दुसरा हात ब्लेडच्या वाटेत ठेवायचा नाही. अक्षर उलटं कोरावं लागेल हे मी मुद्दामच सांगत नाही. अर्ध्याअधिक मुलांचं चुकतं. देवनागरीत तर ते लगेच डोळ्यांत भरतं. काना भलत्या बाजूला, ‘म’ची गाठ भलतीकडे. (‘ठ’चं नाव असलेला एखादाच सुटतो, आणि ‘ठ’ची नावं आता ठेवतं कोण!) ही चूक पाच रुपयांच्या रबरावर झालेली बरी. एका वर्षी मी हा तास गाळला होता. एका मुलीने तीन आठवडे खपून हॉटेलच्या दर्शनी भागाचा सुंदर वुडकट केला, पाटीवरचं ‘येथे मिसळ मिळेल’ सकट. छापल्यावर दुकान, बाकडी, किटली सगळं छान, आणि पाटी आरशातली. तिने ब्लॉक फेकला नाही, पण माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तिचं बरोबरच होतं.

लाकूडकामासाठी महागाचं लाकूड लागत नाही. बारीक रेषा हवी असेल तर एमडीएफ चांगलं, लाकडाच्या अंगच्या रेषा छापात दिसायला हव्या असतील तर पाइन किंवा जुन्या फळ्या. प्लायवर मुलं रेषांच्या आडवं कोरत गेली की वरचा पापुद्रा उडतो. प्रत्येक टेबलाला आडवी पट्टी ठोकून घ्या, ब्लॉक तिला टेकवून कोरला की घसरत नाही. आमच्याकडे टाके पडण्याचे जेवढे प्रसंग आले, त्यातले बहुतेक मांडीवर ब्लॉक घेऊन कोरताना आले. छापायला प्रेस नकोच. स्टीलच्या चमच्याच्या पाठीने पातळ कागद घासायचा. हात दुखतो, पण दाब म्हणजे काय ते त्या हाताला कळतं, आणि पुढे प्रेसवर गेल्यावर ते कामी येतं.

आता अवस्थांबद्दल, म्हणजे स्टुडिओत आपण ज्याला स्टेट म्हणतो त्याबद्दल. प्लेटवर काम करून पुन्हा छापलं की ती नवी अवस्था. माझं सगळं शिकवणं याच खुंटीवर टांगलेलं आहे.

रेम्ब्रांटची ‘तीन क्रूस’ ही ड्रायपॉइंटची प्लेट १६५३ ची. तिच्या सुरुवातीच्या अवस्थेत क्रुसाभोवतीची गर्दी स्पष्ट दिसते, माणूस न् माणूस मोजता येतो. चौथ्या अवस्थेत त्याने त्याच प्लेटवर इतकं खरवडलं आणि इतक्या जाड सरळ रेषा ओढल्या की बरीचशी माणसं अंधारात गेली आणि घोड्यावरची एक नवीनच आकृती आली. प्लेट तीच. पिकासोने डिसेंबर १९४५ ते जानेवारी १९४६ या काळात पॅरिसच्या मूर्लो यांच्या छापखान्यात एकाच बैलाच्या लिथोच्या अकरा अवस्था काढल्या, भरदार बैलापासून मोजक्या रेषांपर्यंत. या दोन्हींच्या सगळ्या अवस्था ओळीने भिंतीवर लावा आणि अर्धा तास गप्प बसा. मुलांनाच बोलू द्या. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पण मॅडम, तिसरा जास्त चांगला होता.’ तिथून वर्ग सुरू होतो. तिसरा चांगला होता तर तो पुढे का गेला? चित्रकलेत आधीचं चित्र रंगाखाली गाडलं जातं. इथे ते कागदावर शिल्लक राहतं आणि तुम्हाला जाब विचारतं.

हेच मुलांच्या प्लेटवर कसं घडतं ते एका उदाहरणाने सांगते. एका मुलाने जस्ताच्या प्लेटवर एसटी स्टँडवरचा बाक काढला होता, त्यावर झोपलेला माणूस. पहिला प्रूफ नीटनेटका, कंटाळवाणा. दुसऱ्याला त्याने मागे ॲक्वाटिंट घातला. राळ नीट वितळली नव्हती, त्यामुळे प्लेट बाथमध्ये, म्हणजे खोदाईच्या द्रावणाच्या तबकात, गेल्यावर ती ठिकठिकाणी सुटली आणि आकाशात देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. त्याला प्लेट बदलून हवी होती. मी दिली नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रूफात तो खरवडायचा स्क्रेपर आणि घोटायचा बर्निशर घेऊन ते खड्डे मिटवत बसला. घासता घासता मधे एक पांढरट पट्टा तयार झाला, ट्यूबलाइटसारखा. पाचव्यात त्याने ती ट्यूबलाइटच केली. सहाव्यात झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश नको म्हणून तो काळा केला. नवव्या प्रूफापर्यंत बाक गेला होता. उरले होते रात्री तीन वाजताचा फलाट आणि एक पिशवी. हे मी शिकवलेलं नाही. मी फक्त नवीन प्लेट नाकारली.

आता ॲसिड. भीती वाटते हे चांगलं आहे, ती घालवू नका. मी शिकले तेव्हा सगळीकडे नायट्रिकच होतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे आम्हाला पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं, आणि प्लेटवरचे बुडबुडे पिसाने हलवायला शिकवलं होतं. पण जस्तावर नायट्रिक तापलं की तपकिरी धूर निघतो, आणि तो तेव्हा आम्ही सर्रास हुंगला. पुढे मी शिकवत असलेल्या एका ठिकाणी तीन वर्षं फाइल फिरवून एक्झॉस्ट पंखा मंजूर झाला आणि ठेकेदाराने तो छताजवळ बसवला. धूर हवेपेक्षा जड. पंख्याने ओढला की तो बाथवरून उठून, बाथवर वाकलेल्या मुलाच्या नाकासमोरून जाऊन मग छताकडे जाणार. पंखा बसवायचाच तर बाथच्या मागे आणि बाथच्या उंचीला. ही एक ओळ निविदेत लिहून द्या, नाहीतर तुमच्याकडेही तो छतालाच लागेल.

दुसऱ्या वर्षाला मी आता नायट्रिक देतच नाही. जस्तासाठी मोरचूद आणि मीठ. एक लिटर पाण्यात साधारण ५० ते ७५ ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच साधं मीठ. द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणाला लागतं तेच मोरचूद, शेती सेवा केंद्रात मिळतं. नाशिककडची मुलं ते बघून हसतात, कारण घरी पोत्याने पडलेलं असतं. तपकिरी धूर नाही, रेष स्वच्छ येते. प्लेटवर लालसर तांब्याचा गाळ बसतो, तो मऊ ब्रशने सारखा झटकावा लागतो, नाहीतर खोदाई असमान होते. पाण्याचा निळा रंग उतरला की बाथ संपला असं समजायचं. पण हे ‘सुरक्षित’ म्हणून बेफिकिरी नको. मोरचूद विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लागतोच, खिडक्या उघड्या हव्यात, आणि संपलेला बाथ मोरीत ओतायचा नाही. धुण्याचा सोडा टाकून गाळ खाली बसवा, गाळून घ्या आणि तो गाळ रासायनिक कचऱ्यात द्या.

तांब्याला फेरिक क्लोराइड वापरायचं. त्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे घरातलं लिंबूसत्त्व, घातलं की खोदाई जलद आणि स्वच्छ होते. एडिंबरा एच म्हणतात ते हेच. फेरिकमध्ये गाळ खाचेत साठतो म्हणून प्लेट उताणी न ठेवता पालथी ठेवावी. आणि ॲल्युमिनियमची प्लेट चुकूनसुद्धा फेरिकमध्ये जाऊ देऊ नका. ती उकळायला लागते. प्रत्येक बाथवर ‘फक्त जस्त’, ‘फक्त तांबं’ असं मोठ्या अक्षरात मराठीत लिहा.

ॲक्वाटिंटच्या राळेची पूड फुप्फुसात जाते, आणि हवेत तरंगत असताना ठिणगी मिळाली तर भडकते. राळेच्या पेटीजवळ ज्योत नको, मास्क हवा, आणि पेटी हलवणारा एक वेळी एकच. पावसाळ्यात राळ गोळे धरते. तेव्हा हा भाग दिवाळीनंतर ठेवा.

किती वेळ प्लेट ठेवायची, हे मुलं तुम्हाला दिवसातून चाळीस वेळा विचारतील. उत्तर देऊ नका. एक अरुंद पट्टी घ्या, टप्प्याटप्प्याने व्हार्निश लावून झाकत जा: एक मिनिट, दोन, चार, आठ, सोळा. ती छापून प्रूफ बाथच्या वर भिंतीवर चिकटवा, खाली तारीख. मेमध्ये बाथ गरम असतो, भराभर खातो. जानेवारीत सुस्त. म्हणून पट्टी दर सत्राला नवीन.

प्रेसबद्दल एकच सांगते. ब्लँकेटं ही स्टुडिओतली सगळ्यात लाडकी वस्तू समजा. एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते. पाहणीसाठी बाहेरून समिती यायची होती म्हणून कुणीतरी उत्साहाने ब्लँकेटं गरम पाण्यात साबण घालून धुतली. लोकर आटली आणि तिची पुठ्ठ्यासारखी फळी झाली. प्रेस मात्र हिरव्या ऑइलपेंटने चकाचक रंगवलेला, गिअरच्या दातांसकट. ब्लँकेट धुवायचं तर गार पाणी आणि सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत सपाट पसरायचं. आणि रोज संध्याकाळी दाब सैल करून ब्लँकेटं रोलरखालून काढून ठेवायची. ओढण्या खोचलेल्या, केस बांधलेले, हा नियम पहिल्या दिवसापासून, मुलग्यांच्या लांब केसांनाही.

तुमच्याकडे स्टुडिओ सहायक असेल तर त्यांच्याशी आधी ओळख करून घ्या. आमच्याकडचे मामा चाकाच्या आवाजावरून दाब सांगायचे. ‘मॅडम, कण्हतंय, अर्धा आटा सोडा.’ मी मापून बघितलं की ते बरोबर निघायचं. मुलांना कागद भिजवायला त्यांनीच शिकवलं: पाण्यातून काढून, टिपकागदात दाबून, पृष्ठभागावर चमक राहायला नको पण गालाला लावला तर गार लागला पाहिजे. पुस्तकात यापेक्षा चांगली खूण मला सापडलेली नाही. काळ्या बोटांनी कागद धरायचा नाही, पुठ्ठ्याचे दोन दुमडलेले चिमटे करून उचलायचा, हेही त्यांचंच.

आता ‘झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट मिळते’ याचं उत्तर. भाषण देऊ नका, भिंग द्या. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. मुलांना घरातून एक जुनं देवाचं चित्र आणायला सांगा. कुणाच्या तरी आजीच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी किंवा सरस्वती निघतेच. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. भिंगाखाली त्या काळातल्या अस्सल छापात लक्ष्मीच्या गालावर वेडेवाकडे, वेगवेगळ्या आकाराचे ठिपके दिसतात. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि त्यावर कुणीतरी बसून हाताने टिंबं दिलेली. शेजारी आजचं ऑफसेटचं कॅलेंडर ठेवा: कवायतीत उभे असल्यासारखे ठिपके. त्याच्या शेजारी इंकजेटची प्रिंट: फवारा. मग मुलाची स्वतःची एचिंग ठेवा. तिथे ठिपके नाहीतच, शाई कागदावर उंच उभी आहे, बोटाला लागते, आणि प्लेटच्या कडेचा खोलगट ठसा आहे. एवढं बघितल्यावर तो प्रश्न पुन्हा विचारलेला मी ऐकलेला नाही. मग सांगा, आपल्याकडे छापील मराठी पंचांग गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर (म्हणजे लिथोच्या दगडावर) काढलं, पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना निघाला. म्हणजे हे तंत्र इथे आधी बाजारात आलं आणि कलाशाळेत नंतर. ‘हे कलात्मक आहे, ते व्यावसायिक’ असा सोवळेपणा मुलांच्या डोक्यात भरण्याआधी हे सांगितलेलं बरं.

लिथो दुसऱ्या वर्षाला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. दगड घासायलाच दोन आठवडे जातात. जर्मनीतल्या झोल्नहोफनचा तो चुनखडीचा दगड आता नव्याने मिळणंही मुश्कील. जुन्या छापखान्याच्या मागल्या अंगणात असला दगड धुण्याचा दगड झालेला मी डोळ्यांनी बघितलाय. तुमच्या आसपास असा छापखाना असेल तर जाऊन विचारा जरूर.

रील बघून मुलं मुद्राचित्रकार कृष्णा रेड्डींसारखं एका प्लेटमधून अनेक रंग काढायचं म्हणून हट्ट धरतील. त्यांना सांगा, रेड्डी शिल्पकार होते आणि प्लेट शिल्पासारखी खोल-उथळ कोरत. रोलरचा कडक-मऊपणा आणि शाईचा पातळ-घट्टपणा यांचा खेळ त्या खोलीवरच चालतो. सपाट प्लेटवर तीन रोलर फिरवले तर चिखल होतो. एकदा करू द्या, चिखल बघू द्या. मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची ‘जखमा’ ही मालिका मात्र नक्की दाखवा. साच्यात दाबलेला पांढरा कागदाचा लगदा, शाईचा थेंब नाही. छाप म्हणजे काय, याची मुलांनी केलेली व्याख्या तिथे कोसळते.

राहिला अभ्यासक्रम. लेखी बदलायला अभ्यासमंडळ लागतं आणि त्यात दोन वर्षं जातात, तोवर थांबू नका. उरलेली तंत्रं मी ‘प्रात्यक्षिक-निरीक्षण’ म्हणून दोन शनिवारी करून दाखवते, मुलं वहीत नोंदी करतात, वही जमा होते. नियमात बसतं.

गुण देताना शेवटच्या प्रूफाला मी ४० टक्क्यांपेक्षा जास्त वजन देत नाही. बाकीचं वजन, दहाच्या दहा प्रूफ ओळीने लावून, कुठे काय बदललं आणि का, हे मुलाने तोंडी सांगायचं त्याला. बाहेरचे परीक्षक कधी कधी कुरकुरतात, ‘एवढे काळे कागद का लावलेत, एक चांगला लावा ना.’ त्यांना चहा द्या आणि मुलाला बोलू द्या. शेवटच्या अवस्थेचे पाच एकसारखे छाप मात्र काढून घ्या, कारण एकसारखं पुसणं ही वेगळी शिस्त आहे. खाली पेन्सिलनेच १/५, २/५ असे आकडे, मधे शीर्षक, उजवीकडे सही.

आणि एक, जूनमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर कागद एप्रिलमध्येच मागवून कपाटात प्लास्टिकमध्ये बंद करा. कोकणात किंवा मुंबईत असाल तर भिजवलेला कागद रात्रभर ठेवून जाऊ नका. जुलैत सकाळी त्यावर बुरशीचे ठिपके असतात, आणि ते कुठल्याच अवस्थेत मोजता येत नाहीत.